वहीतला आराम

सर आम्हा धावणाऱ्या पोरींना दरवर्षी तेच सांगायचे आणि आम्ही दरवर्षी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचो. शर्यतींचा हंगाम संपला की तीन आठवडे धावणं बंद. मग दोन महिने हळू, बोलता येईल इतकं हळू. "या दिवसांत अंगात जे भरलं, तेच शर्यतीत निंघते," असं त्यांचं म्हणणं.

माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. फेब्रुवारीत दहा किलोमीटरची निवड होती आणि पहिल्या सहा जणी राज्य स्पर्धेला जाणार होत्या. आदल्या वर्षी मी सातवी आले होते. यंदा नाही तर कधीच नाही, हे मला ठाऊक होतं आणि घरालाही.

दिवाळीआधी शर्यती संपल्या. सरांनी रोजची नोंद करायला एक वही दिली. घरी मी सांगितलं, तीन आठवडे सुट्टी.

आई म्हणाली, "बरं झालं. वेचाले बाया भेटून नाही राह्यल्या. चाल मंग वावरात."

उमरखेडजवळच आमचं वावर. कमरेला ओढणीची झोळी बांधायची आणि दिवस बुडेपर्यंत वाकून कापूस वेचायचा. रात्री जेवण झालं की वहीत इमानदारीने लिहायचं, 'आराम'. खोटं नव्हतंच ते, धावले कुठे होते? पोतं उचलणं हे काम. वेचणी म्हणजे बायांनी गप्पा मारत करायची गोष्ट, असंच मी लहानपणापासून ऐकलेलं.

धावणं पुन्हा सुरू झालं तरी वेचणी संपली नव्हती. मग नोंद अशी व्हायची: 'सकाळी चाळीस मिनिटं हळू. नंतर आराम.' हळू धावायला वेगळं जपावं लागत नव्हतं, पायच उचलत नव्हते. मला वाटलं, बसून बसून सुस्ती चढली. स्वतःला चार शिव्या घातल्या आणि जानेवारीत जोर वाढवला. मांडीमागे दुखायला लागलं ते थांबलंच नाही.

महिनाअखेरीस सरांनी वही चाळली. "इतका आराम केला, तरी तू थकेल काहून दिसून राह्यली?"

"काही नाही सर, घरीच तं होती."

"घरी काय करत होती?"

"कापूस वेचला फक्त."

सरांनी वही मिटली. मग म्हणाले, "हे मीच आधी विचाराले पाह्यजे होतं."

निवडीच्या दिवशी सहा किलोमीटरपर्यंत मी चौथी होते. मग पाय गेले. एकेक पोरगी बाजूने निघून गेली आणि मी अकरावी आले. रडूही आलं नाही, तेवढाही दम उरला नव्हता.

घरी आईने विचारलं, "काहून मांगं राह्यली वं?"

"पोरी चांगल्या होत्या," मी म्हटलं.

खरं कारण ओठांवर आलं होतं. तिचा रागही आला होता, नाही कशाला म्हणू. पण तीन महिन्यांच्या वेचणीने माझे पाय मोडले, हे सांगायचं कुणाला? पंचवीस वर्षं वेचत आलेल्या बाईला?

तिने वाटीत तेल आणलं, माझे पाय मांडीवर घेतले आणि चोळायला लागली. दिवसभर वावरात राबून ती नुकतीच आली होती. मी पाय ओढून घेतले.

"आई, तू बस न जराशी."

"बसलीच तं आहो," ती म्हणाली आणि माझा पाय परत मांडीवर ओढून घेतला.