मधलं शटल सुमनताईंचं

बडोद्याच्या समा भागातल्या बॅडमिंटन हॉलमध्ये सुमनताई मोहिते आल्यात की नाही, हे दाराबाहेर बूट बदलतानाच कळायचं. आतून आरोळी यायची, "माझं!" आणि पाठोपाठ शटल फटकावल्याचा आवाज. नवख्या माणसाला वाटायचं, आत कोणाची तरी पर्स पळवली जाते आहे. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. डोकावून पाहिलं तर पांढऱ्या केसांचा बॉब केलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एक बाई कोर्टच्या बरोबर मधोमध उभ्या होत्या आणि बाजूला त्यांच्या जोडीदार हंसाबेन कमरेवर हात ठेवून हसत होत्या.

डबल्स खेळणाऱ्यांना हे दुखणं ठाऊक असतं. दोघांच्या बरोबर मधे शटल येतं, दोघंही एकमेकांकडे बघतात आणि ते बिचारं जमिनीवर पडतं. आमच्या बडोद्यात सौजन्य जरा जास्तच, त्यामुळे एकमेकांना "तमे लो, तमे लो" असा आग्रह करण्यातच आमचे निम्मे गुण जायचे. सुमनताईंचं याबाबतीत एकच सूत्र होतं. "मधे पडलं ते माझं. चुकलं तर मला शिव्या घाल, पण बघत उभा राहू नकोस." रेल्वेच्या कचेरीत नोकरी करताना त्या रेल्वेकडून खेळायच्या, तेव्हापासूनचं हे सूत्र. हंसाबेन त्याच कचेरीतल्या. दोघींची जोडी तीसेक वर्षांची. ताई मराठीत बोलायच्या, हंसाबेन गुजरातीत उत्तर द्यायच्या, आणि तीस वर्षांत दोघींनाही आपण दोन भाषांत बोलतो आहोत याचा पत्ता नव्हता.

ही गोष्ट ज्या वर्षीची, त्या वर्षी दोघी पासष्टच्या झाल्या होत्या आणि विलक्षण खुशीत होत्या. प्रौढांच्या स्पर्धेत वयाचे गट असतात. पासष्टच्या गटात शिरलं की तुम्ही त्या गटातले सगळ्यांत तरुण. "चौसष्टावं वर्ष फार वाईट," ताई मला म्हणायच्या. "साठीच्या पोरी पळवून पळवून मारतात. आता बघ, या हिवाळ्यात आमच्यापुढे सगळ्या म्हाताऱ्या." राज्याच्या स्पर्धेत पासष्टच्या गटाचं पदक आणायचं, असं दोघींचं ठरलेलं होतं. त्यासाठी ताईंनी रात्रीचा भात सोडला होता. हंसाबेननी सोडलाय असं सांगितलं होतं.

त्याच पावसाळ्यात आमच्या जिल्हा असोसिएशनची वार्षिक सभा भरली. मी तिथला चिटणीस. चिटणीस कसा झालो हे विचारू नका, ज्या सभेत मला निवडलं तिला मी गैरहजर होतो. असोसिएशनमध्ये दोन तट होते. एक मधुभाईंचा, गावातल्या जुन्या हॉलचा. तिथे लाकडी फरशी आणि भिंतीवर जुन्या विजेत्यांचे फोटो. दुसरा राणासरांचा, समाच्या नव्या हॉलचा. तिथे हिरव्या मॅट आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये आपलाच खेळ बघणारी मुलं. जिल्ह्याची स्पर्धा कुठे घ्यायची यावरून भांडण इतकं पेटलं होतं की आधीचे अध्यक्ष राजीनामा देऊन मोकळे झाले होते. राज्याच्या संघटनेने कळवलं होतं, शुक्रवारपर्यंत नव्या अध्यक्षाचं नाव आलं नाही तर या जिल्ह्यातल्या एकाही मुलाची एंट्री घेणार नाही.

मी हे वाचून दाखवलं आणि विचारलं, "कोण तयार आहे?" मधुभाई छताकडे बघू लागले. राणासर फोनकडे. बाकीच्यांनी बशीतल्या लीलो चिवड्यातले, म्हणजे आमच्याकडच्या ओलसर चिवड्यातले, बटाटे शोधायला घेतले. मधुभाई म्हणाले, "राणासर थाय तो मने वांधो नथी." राणासर म्हणाले, "ना ना, मधुभाई वडील छे." दोघांनाही ते नको होतं आणि दुसऱ्यालाही मिळू द्यायचं नव्हतं. आणि मागच्या रांगेतून, रोज सकाळी ऐकू येतो त्याच आवाजात, आलं, "माझं!"

सगळे वळले. सुमनताई उभ्या होत्या. हंसाबेन त्यांची ओढणी खाली ओढत होत्या.

"एक वर्ष," ताई म्हणाल्या. "पण एक अट. जो कमिटीत बसेल तो या वर्षी कुठल्याही स्पर्धेत खेळणार नाही. आपणच एंट्रीवर सही करायची, आपणच ड्रॉ पाडायचा आणि आपणच खेळायचं, हे बंद." मधुभाईंना स्वतःला प्रौढांमध्ये खेळायचं होतं. त्यांचा चेहरा पडला. राणासरही खेळणार होते. पण अध्यक्षपदाची ब्याद टळते आहे म्हटल्यावर दोघांनी मान डोलावली.

जिन्यात हंसाबेननी ताईंना गाठलं. मी मागेच होतो. "सुमन, मारे मार्चमां जवानुं छे," त्या म्हणाल्या. मुलाने कॅनडाहून कायमचं तिकडे राहायला येण्याची कागदपत्रं पाठवली होती, व्हिसा त्याच सकाळी हातात आला होता. सभा संपल्यावर सेवउसळ खाताना सांगू, म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या. म्हणजे एकत्र खेळायचा हा शेवटचा हिवाळा होता, आणि ताईंनी तो स्वतःच्याच अटीने नुकताच घालवला होता.

ताई कठडा धरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "ताई, नाव अजून पाठवलेलं नाही. मी परत सभा बोलावतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि कोण होणार? तू?" मी हातातल्या कागदांची घडी घालू लागलो. "पाठव," त्या म्हणाल्या आणि उतरून गेल्या. हंसाबेननी त्या दिवसापासून त्यांच्याशी अबोला धरला. सकाळी खेळायला यायच्या, पण नेटच्या पलीकडे उभ्या राहायच्या आणि ताईंच्या पायाशी एकाहून एक जहाल स्मॅश मारायच्या. त्या वयात इतका जोर रागाशिवाय येत नाही.

अध्यक्ष म्हणून ताईंची कामाची पद्धत अजब होती. मीटिंग सुरू व्हायच्या आधी त्या पंखे बंद करायच्या. "हॉलमध्ये शटल हलू नये म्हणून बंद करतो ने? इथेही मुद्दा हलायला नको." बडोद्याच्या ऑक्टोबरात बिनपंख्याच्या खोलीत कोणी फार वेळ मुद्दा मांडू शकत नाही. पूर्वी दोन-दोन तास चालणाऱ्या सभा चहा गार व्हायच्या आत संपू लागल्या. नवरात्रात स्पर्धा घ्यायची नाही, हे तर कोणी न बोलताच ठरलं, कारण त्या दिवसांत मुलांचेच काय, पंचांचेही पाय गरब्यात असतात.

हॉलचा वाद त्यांनी खंडेराव मार्केटात सोडवला. मधुभाई आणि राणासर दोघंही रविवारी तिथे भाजी घ्यायला येतात, हे ताईंना माहीत होतं. घडियाळी पोळात, जुन्या शहरातल्या गल्लीत, राहणाऱ्या बाईला मार्केटात कोण कधी येतं हे सांगावं लागत नाही. मला त्यांनी सोबतीला नेलं. पोहोचलो तेव्हा मधुभाई भेंडी निवडत होते. मी पुढे होऊ लागलो तर मला मागे खेचलं. "थांब. पिशव्या भरू दे." मधुभाईंच्या दोन्ही हातांत दोन भरलेल्या पिशव्या आल्या, पलीकडे राणासर दुधी आणि कलिंगड घेऊन उभे राहिले, तेव्हा ताई दोघांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"केम छो? मजामां? हॉल कुठला ते ठरवायचंय."

"सुमनबेन, अत्यारे?" मधुभाई कळवळले. कलिंगड राणासरांच्या काखेतून घसरत होतं. ताईंनी पर्समधून शटल काढलं. आमच्या रोजच्या खेळात नाणं उडवत नाहीत, शटल उडवतात. बूच ज्याच्याकडे वळेल त्याचा कौल. शटल मेथीच्या जुड्यांशेजारी पडलं, बूच राणासरांकडे. मधुभाईंनी हरकत घ्यायला हात वर करायचा प्रयत्न केला, पण त्या हातात पाच किलोंचा ऐवज होता. "अंतिम सामने समाला, आधीच्या फेऱ्या तुमच्याकडे," ताई म्हणाल्या. "लाकडी फरशीवर सगळ्यांना एकदा तरी खेळायला मिळेल. चालेल ने?" मधुभाईंना पिशव्या खाली ठेवायच्या होत्या. चालेल म्हणाले. परतताना ताई मला म्हणाल्या, "ज्याचे हात मोकळे आहेत त्याच्याशी कधी भांडायला जाऊ नये." मी तेव्हापासून घरी हे करून पाहतो आहे. आमच्याकडे नेहमी पिशव्या माझ्याच हातात असतात.

पंचप्रमुख कोण, यावर मात्र गाडं अडलं. मधुभाईंचा माणूस राणासरांना नको, राणासरांचा मधुभाईंना नको. ताईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हंसाबेन चालतील?"

"पण एमने तो तमारी जोडे अबोला छे ने?" मधुभाई म्हणाले.

"म्हणून तर. माझ्या बाजूने तर नक्की काही करणार नाहीत."

एवढं निष्पक्ष माणूस आमच्या असोसिएशनला कधी मिळालं नव्हतं. ठराव ताबडतोब मंजूर झाला. हंसाबेनना विचारायला अर्थातच मला पाठवलं. ऐकून त्या आधी लाल झाल्या. "हुं एनी साथे बोलती नथी, ए पण एने काममां आव्युं!" मग आपला अबोलाही ताईंनी कामाला लावला याचं त्यांना हसू फुटलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि हो म्हणाल्या. हसल्याचं मात्र सुमनला सांगायचं नाही, असं मला बजावलं.

स्पर्धा सुरेख झाली. गावातल्या मुलांनी समाच्या मॅट पाहिल्या, समाच्या मुलांनी जुन्या हॉलमधले फोटो. पंचप्रमुख आणि अध्यक्ष शेजारी बसून माझ्यामार्फत निरोप पाठवत होत्या. "तुझ्या पंचप्रमुखांना सांग, दोन नंबरच्या कोर्टवर पंखा चालू आहे," ताई म्हणायच्या. अंतिम सामन्यात एका मुलीचं शटल रेषेबाहेर दिलं गेलं. तिचे वडील तावातावाने ताईंवर धावून आले. सगळं संगनमत आहे म्हणाले, आपल्या मैत्रिणीला पंच नेमलंय म्हणाले. ताई काही बोलायच्या आत हंसाबेन खुर्ची मागे ढकलून उठल्या.

"मैत्रीण? अरे भाई, दिवाळी पहेलांनी हुं एनी साथे बोली नथी! पूछो एने!" आणि गर्रकन ताईंकडे वळून, "बोल ने, सुमन!"

क्षणभर कोणाच्या लक्षात आलं नाही. मग ताईंच्या लक्षात आलं, मग माझ्या, मग साऱ्या हॉलच्या. त्या वडिलांनाही हसू आवरेना. हंसाबेन तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. ताई म्हणाल्या, "नाही बोलली हो, खरंच नाही बोलली," आणि हंसाबेनची खुर्ची पुढे ओढून दिली.

मुलांचा संघ राज्याच्या स्पर्धेला रवाना झाल्यावर कमिटी ताईंवर इतकी खूष होती की मधुभाई आणि राणासरांनी आयुष्यात पहिल्यांदा मिळून ठराव आणला. अट फक्त ताईंपुरती शिथिल करावी आणि त्यांना हंसाबेनबरोबर प्रौढांमध्ये खेळू द्यावं. हंसाबेन दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, इतकी आशा होती त्यावर. ताईही त्यांच्याकडे बराच वेळ बघत होत्या.

"मधुभाई, तुम्ही या वर्षी न खेळता बसलात," त्या शेवटी म्हणाल्या. "राणासर बसले. माझ्या शब्दावर बसलात. आता मी रॅकेट घेऊन उतरू? पुढच्या वर्षी कोणाचा भाचा येईल, तेव्हा काय सांगाल त्याला?"

मला त्यांचा राग आला होता, खरं सांगतो. तत्त्व वगैरे ठीक आहे, पण समोर बाई कॅनडाला निघाली आहे. हंसाबेनच पुढे आल्या आणि ताईंच्या पाठीवर एक सणसणीत धपाटा घातला. "जिद्दी छे, पहेलेथी ज जिद्दी छे," म्हणाल्या. पण या वेळी अबोला धरला नाही.

हंसाबेन दुसऱ्या जोडीदाराबरोबर खेळल्या. त्या एंट्रीवर सही ताईंचीच. ताई डब्यात थेपले घेऊन बघायला गेल्या आणि उपान्त्य फेरीत हरलेल्या हंसाबेनना घेऊन परतल्या. "बीजुं बधुं सारुं छे," हंसाबेन जोडीदाराबद्दल म्हणाल्या, "पण वच्चेनुं कोई लेतुं नथी." मधलं शटल घेणारं कोणी नव्हतं. मार्चमध्ये बॅगेवर बसून ती बंद करण्याचं काम ताईंनीच केलं. बॅगेत लीलो चिवडा इतका होता की कॅनडाच्या कस्टमवाल्यांना हंसाबेन दुकान काढताहेत असं वाटलं असेल. गाडी निघाली तेव्हा दोघी हसतच होत्या. गाडी वळल्यावर ताई माझ्या खांद्याला धरून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

एका वर्षाची मुदत केव्हाच संपली. सभेत प्रश्न विचारला की सगळे अजूनही चिवड्यातले बटाटे शोधतात, त्यामुळे ताई अजून अध्यक्ष आहेत. सकाळी त्यांच्याबरोबर मी खेळतो. हंसाबेनच्या जागी मी म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या. कॅनडाहून फोन आला की ताई माझ्या खेळाचं वर्णन करतात आणि पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज येतो.

परवा कोर्टच्या कडेला नाड्या बांधत बसलो असताना मी विचारलंच. "ताई, त्या शुक्रवारी नाव पाठवलं त्याचा पश्चात्ताप होतो का कधी?"

वाटलं, नाही म्हणतील. मोठी माणसं नाहीच म्हणतात.

"होतो ने," त्या म्हणाल्या. "रोज होतो. हंसाची आठवण आली की होतो." मग पलीकडच्या कोर्टवर शटल वेचणाऱ्या मुलांकडे पाहत म्हणाल्या, "पण नाव गेलं नसतं तर ही पोरं घरी बसली असती आणि हंसाबरोबर खेळताना मला त्यांची आठवण आली असती. दोन्हीतली एक आठवण येणारच होती. हंसाची आली तर चालतं मला. ती गोड आहे." गुडघ्याचा पट्टा घट्ट करून त्या उठल्या. "चल, सर्व्हिस तुझी."

मी उठलो, नीट उभा राहिलो, श्वास रोखला आणि सर्व्हिस केली. शटल नेटमध्ये गेलं.

"आली बघ आठवण," सुमनताई म्हणाल्या, आणि खदखदून हसल्या.