झोपेवरचा माझा अधिकार

बारा मे, दुपारचे दोन वाजून सात मिनिटे. नेमक्या या क्षणी माझ्या आईने माझ्याऐवजी केतकीचे कौतुक करण्यास प्रारंभ केला.

केतकी ही माझी चुलतबहीण. जळगाव जामोदला आमच्याच बैठकीत, कूलरसमोर, ती गल्लीतल्या बायकांना इंग्रजी बोलायला शिकवते. (पुण्यातली नातवंडे व्हिडिओ कॉलवर मराठी बोलायला तयार नाहीत, अखेर आज्यांनीच माघार घेतली.) त्या दिवशीचा धडा होता, झोपेविषयी इंग्रजीत कसे बोलावे. आता झोप हा माझा विषय आहे! एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी दोन वर्षे उंदरांच्या झोपेचा अभ्यास केला आहे. माझ्या घरात, माझ्या विषयावर, माझ्या आईसमोर केतकी बोलणार आणि मी आतल्या खोलीत दाराला कान लावून बसणार?

हो, बसले.

"गाढ झोपलं तर काय म्हणायचं? आय स्लेप्ट लाइक अ लॉग. ओंडक्यावानी झोपली."

"आमचे हे तसेच झोपतात व!" शेजारच्या शांताकाकू म्हणाल्या. "उचलाले दोन मानसं लागतात."

"आन् झोपाले जातो म्हणायचं, तर हिट द हे. म्हणजे कडब्यावर आंग टाकतो."

"कडब्यावर? अव बाप्पा, खाज नाई सुटत का त्यायले?"

बैठक हसून लोळली. मे महिन्यात, भरल्या पोटी, दुपारी दोन वाजता अकरा बायका टक्क जाग्या! सर्वांत मोठ्याने हसत होती ती आई. संध्याकाळी तर तिने भाजीवाल्यालाही 'फोर्टी विंक्स' म्हणजे डुलकी, हे समजावून दिले. वर म्हणाली, "आमच्या केतकीनं शिकवलं. लय हुशार पोट्टी!"

मी पिशवी धरून शेजारीच उभी होते. एम.एस्सी.च्या सुवर्णपदकासह. (पदक घरी होते, परंतु मुद्दा लक्षात यावा.)

घरी आल्यावर चहाच्या वेळी मी आक्षेप नोंदवला. "आई, ओंडका झोपत नाही. झोपेत मेंदू अत्यंत सक्रिय असतो. ही उपमा शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे."

"तुले काऊन इतका राग येऊन राह्यला?"

"मला राग आलेला नाही. मी दुरुस्ती करते आहे."

"मंग उद्या तूच सांग न बायायले," केतकी म्हणाली. "मी मांगं बसतो, ताई."

हा उदारपणा मला विशेष झोंबला.

मी चौसष्ट स्लाइड तयार केल्या. प्रोजेक्टर मागून आणला, भिंतीवर पांढरी चादर ताणली, चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून पडदे ओढले आणि कूलर पूर्ण वेगात सोडला. तिसऱ्या स्लाइडवर झोपेस अनुकूल परिस्थितीचे वर्णन होते : मंद प्रकाश, गारवा, एकसुरी आवाज. ती मी वाचून दाखवत असतानाच शांताकाकूंचे डोके आईच्या खांद्यावर विसावले. बायका चकार शब्द काढत नव्हत्या. त्या भारावल्या आहेत, असा निष्कर्ष मी काढला आणि चादरीकडे तोंड करून मेंदूत शिरले.

विसाव्या स्लाइडला मागून घरघर ऐकू आली. कूलरचा पंप बिघडला असावा, म्हणून मी पंप तपासला. पंप ठीक होता. आई घोरत होती. पलीकडे केतकी तोंड उघडे टाकून पडली होती. अकरा बायका, एक शिक्षिका, सर्व ओंडके! उपमा अगदी अचूक होती.

उरलेल्या चव्वेचाळीस स्लाइड मी कूलरला दाखवल्या.

चार वाजता आई उठली. आता बोलणी बसणार, म्हणून मी वायर गुंडाळण्यात मग्न झाले.

"काय झोप लागली व!" शांताकाकू डोळे चोळत म्हणाल्या. "दोन सालापासून गोळी घेतो मी. आज गोळीबिन लागली नाई!"

"मंग!" आईने माझ्या पाठीवर थाप मारली. "पोरगी कोनाची हाय? केतकीले नाई जमत हे!"

शेवटचे वाक्य मी तिला पुन्हा म्हणायला लावले.

दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी पसरली. केतकीचा चेहरा पडला आणि मी तो मनसोक्त पाहून घेतला. मग शास्त्रीय शिस्तीने नोंद केली. केतकीच्या वर्गाची उपस्थिती : अकरा. माझ्या दुसऱ्या व्याख्यानाची : एकोणीस. पैकी उशी घेऊन आलेल्या : एकोणीस.