रेकॉर्ड न झालेली दुपार

फलटणच्या घरी वडील फौजेतल्या आठवणी सांगत होते आणि मी माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर त्या रेकॉर्ड करत होतो. बाहेर ऊस सळसळत होता आणि मिटल्या डोळ्यांनी ते आम्हा दोघांना बर्फातून चालवत होते. नंतर फाईल लावली तर नुसती शांतता. इनपुटला हेडफोनचा माइक निवडलेला होता आणि हेडफोन मी जोडलाच नव्हता. तरी ‘छान आलंय’ असं त्यांना सांगून टाकलं आणि पुढं कित्येक दिवस त्यांची नजर चुकवली.

शेवटी लॅपटॉपचा आतला माइक निवडला, आवाज येतोय याची खात्री केली आणि त्यांना खरं काय ते सांगितलं.

त्यांनी खुर्ची लॅपटॉपजवळ ओढली.

“बरं झालं रं,” म्हणाले. “त्यात मी लय फुगवून सांगितलं हुतं. आता परत लाव रेकॉर्डिंग.”

पडद्यावरची आवाज दाखवणारी हिरवी पट्टी त्यांच्या श्वासानंही हलू लागली.