हळदीकुंकवातला शेक

रोहण्याच्या पुढे डांबरी सडक संपली की बैलगाडीच्या चाकोरीने तासभर चालल्यावर माझं उपकेंद्र लागायचं. केंद्र म्हणजे शाळेच्या मागची एक खोली, एक टेबल आणि भिंतीवर सुखी कुटुंबाचं चित्र. तसलं कुटुंब पंचक्रोशीत कुणी पाहिलेलं नव्हतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी तिथली नर्सबाई, सव्वीस वर्षांची, बिनलग्नाची, आणि वर्ध्याच्या वाचनालयातली पुस्तकं वाचून स्वतःला बरीच शहाणी समजणारी.

दुखण्यावरच्या गोळ्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात संपत. मग प्रशिक्षणात शिकलेलं बाकीचं कामी यायचं. बाळंतिणीच्या कमरेला तळहाताने दाब द्यायचा, मोडलेल्या पायाखाली गोधडीची वळकटी सरकवायची, कळ आली की मोजत मोजत श्वास सोडायला लावायचा. कुठे गार फडकं, कुठे गरम मिठाचा शेक. यात विद्वत्ता काही नव्हती. पण एकदा कापसाच्या गंजीवरून पडलेला म्हातारा माझा हात धरून म्हणाला होता, "बाई, गोळी नसली तं नसो, तुमी बसून राहा." तेव्हापासून मी बसून राहण्याला औषधांच्या यादीत धरायला लागले.

हे सगळं गावातल्या बायकांना शिकवावं असा वरून आदेश आला. मी सभा बोलावली. दोन बायका आल्या, त्यातली एक हरवलेली शेळी शोधत आली होती. पुढच्या सभेला शेळीवालीही आली नाही. संक्रांत जवळ होती, तेव्हा मला युक्ती सुचली. हळदीकुंकवाला बोलावलं तर कोण येणार नाही? जुन्या धोतरांच्या पिशव्या शिवायच्या, त्यात मीठ भरायचं आणि त्याच वाण म्हणून लुटायच्या. मीठ तव्यावर तापवून पिशवीत घातलं की शेक तयार. तालुक्याच्या साहेबांना ही कल्पना इतकी आवडली की आठ दिवसांत ती त्यांची झाली.

बोलावणं करायला मी आणि पोलीस पाटलांची सून घरोघर फिरलो. एका अंगणात दोन जावा समोरासमोर राहत. धाकटी ओट्यावर तूर निवडत होती. थोरलीचा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. ती पाण्याची घागर घेऊन येत होती. आमच्या हातातला कुंकवाचा करंडा दिसताच ती पावलं उचलून आत गेली, आमची पंचाईत होऊ नये म्हणून. सून धाकटीला म्हणाली, "उद्या चार वाजता येजा वो शाळेत. वाण आहे." आणि आम्ही पुढच्या घरी वळलो.

या चालीविरुद्ध मी कितीतरी वाचलं होतं. समासात पेन्सिलीने रेघाही मारल्या होत्या. पण थोरलीला बोलावलं तर बाकीच्या कुरकुर करतील, कार्यक्रम बिघडेल, असं मी मनाला समजावलं. तिला पुढे कधीतरी वेगळं जाऊन सांगू, असंही ठरवलं. ते पुढे कधी आलं नाही.

कार्यक्रम दणक्यात झाला. सभापतींच्या पत्नी जीपने दीड तास उशिरा आल्या, त्यामुळे अध्यक्षस्थानाची खुर्ची तोवर एका मांजराने भूषवली. साहेब दुखण्यावर पाऊण तास बोलले. त्यांना स्वतःला कधी काही दुखल्याचं ऐकिवात नव्हतं, ऐकणाऱ्यांचं मात्र तेव्हा दुखत होतं. माझ्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं आली. शेक कसा द्यायचा ते मी दाखवलं, आणि कुठे द्यायचा नाही तेही सांगितलं. पण तोवर तिळगुळाची ताटं फिरू लागली होती आणि उखाणे सुरू झाले होते. अहवालात 'अत्यंत यशस्वी' असं लिहिलं गेलं. ते मीच लिहिलं.

तीनेक आठवड्यांनी मी दुसऱ्या गावांत लसी टोचायला गेले होते. चौथ्या दिवशी सकाळी परतले तर धाकटी जाऊ वाटेतच भेटली, हसत.

"बाई, तुमच्या थैलीनं लय गुन आला वो! जाऊबाईच्या पोट्टीचं पोट दोन दिस दुखून राह्यलं होतं. सकायपासून थांबलं पाहा."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं.

"कशानं दुखत होतं?"

"बाईचं दुखनं, दुसरं काय? तेरावं लागलं तिले. न्हाती व्हनार म्हनून म्या माही थैली देल्ली. जाऊबाई दोन दिस शेकून राह्यल्या बिचाऱ्या."

"ताप होता?"

"आंग गरम होतं. शेकल्यावर गरम होईन नाई तं काय थंड होईन?"

"उलटी?"

"दोनदा झाली," म्हणता म्हणता तिचं हसू गेलं. "काऊन वो बाई?"

मी घराकडे धावले. मुलगी कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. ओठ सुकलेले, नाडी पळत होती. "आता नाई दुखत," ती मला म्हणाली. "सोमवारी शाळेत जाऊ का?" मी पोटावर हात ठेवला. पोट फळीसारखं कडक होतं. उजवीकडे आत सुजलेलं आतड्याचं शेपूट, म्हणजे अपेंडिक्स, फुटलं की दुखणं काही वेळ थांबतं, आणि सगळ्यांना वाटतं उतार पडला. प्रशिक्षणात हे एका ओळीत होतं.

थोरली माझ्याकडे बघत उभी होती. तिच्या हातात पिशवी होती, अजून गरम.

बैलगाडीने सडकेपर्यंत, तिथून एसटीने वर्धा. गाडीतच कळा परत सुरू झाल्या. कंडक्टरने मागचं लांब बाक मोकळं करून दिलं. मी मुलीच्या गुडघ्यांखाली गोधडीची वळकटी ठेवली, आईने डोकं मांडीवर घेतलं, आणि खड्डा आला की मी दोन्ही हातांनी तिचं अंग बाकाशी धरून ठेवत होते. पाणी देता येत नव्हतं, म्हणून ओला बोळा ओठांवर फिरवत होते. बाकी माझ्याजवळ आकडे होते. मी चारपर्यंत मोजायची, ती श्वास सोडायची.

"बाई," ती मध्येच म्हणाली, "तुमी लय हळू मोजता."

मी भराभर मोजू लागले. वर्धा येईपर्यंत मोजत होते.

त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर तरुण होते आणि तीन रात्री जागे असल्यासारखे दिसत होते. "पोटावर भाजल्याचे लाल डाग आहेत. शेकलं कुणी?" असं त्यांनी विचारलं. "म्या," आई म्हणाली. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगी गेली.

कागद तयार होईपर्यंत आम्ही दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. धाकटीचा नवरा गाडी बघायला गेला होता. थोरली रडत नव्हती. पदर तोंडात धरून समोरच्या कडुनिंबाकडे बघत होती. मग म्हणाली,

"बाई, म्या शेकलं नसतं तं वाचली असती?"

रोग्याच्या माणसांशी गोड बोलायला आम्हाला शिकवलेलं असतं. मला ते तेव्हा जमलं नाही.

"पहिल्या दिवशी आणली असती तर बहुतेक वाचली असती," मी म्हणाले. "पण हे तुम्हाला सांगणं माझं काम होतं. संक्रांतीच्या आधी तुम्ही घागर घेऊन आत गेलात, ते मी पाहिलं होतं. मी हाक मारली नाही."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला माझं बोलणं नीट कळलंच नसावं.

"हळदीकुंकवाले मले कोन बोलावते, बाई? तुमी काऊन जिवाले लावून घेता? तुमाले काय ठाव, तुमी तं बाहेरगावच्या."

मला ठाऊक होतं. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्या घेऊन घरी गेले असते. ती उलट माझ्या पाठीवर हात ठेवून बसली, दुखणाऱ्या माणसाजवळ बसावं तशी.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "तिथं काय सांगतलं होतं तुमी? शेकाचं?"

"आता कशाला?"

"धाकटीले दोन पोट्ट्या हायेत."

मग मी सांगितलं. कंबर दुखते तेव्हा काय, पाळीच्या दुखण्यात काय, आणि पोटाचं कोणतं दुखणं म्हणजे पिशवी खाली ठेवून गाडी जुंपायची. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. एकदा मला थांबवून म्हणाली, "हळू सांगा. उजव्या आंगाले म्हनलं ना?" मी पुन्हा सांगितलं. आम्ही तापाचं संपवून उलटीपर्यंत आलो होतो, तेवढ्यात आतून माणूस आला आणि त्याने मुलीचं नाव पुकारलं.

"थांबा दादा," ती त्याला म्हणाली, "बाईचं सांगनं होऊ द्या."