गुडघ्यांची कृपा

अमेरिकेत ओहायोतला हार्लन व्होसबर्ग तरुणपणी ड्रम कोअरमध्ये, म्हणजे मैदानावर कवायत करत वाजवणाऱ्या वाद्यपथकात, बिगुल वाजवायचा. म्हातारपणी तो दर उन्हाळ्यात पथकांच्या स्पर्धेला जाई, जाणकारासारखा स्टेडियमच्या सगळ्यात वरच्या रांगेत, परीक्षकांशेजारी बसे आणि करवादे, "नुसत्या कवायती! पूर्वीची मजा गेली."

यंदा गुडघ्यांनी पायऱ्या चढायला साफ नकार दिला, म्हणून बायकोने, लोरेटाने, त्याला अगदी खाली मैदानालगत बसवलं. तिथेही कुरकुर चालूच होती. शेवटी एका पथकातले सगळे तुतारीवाले धावत मैदानाच्या कडेला आले, थांबले आणि थेट त्याच्या तोंडावर असे वाजवू लागले, की त्याची छाती हादरली. हार्लन ताडकन उठून आरोळ्या ठोकू लागला.

"अरे, तुझे गुडघे!" लोरेटा ओरडली.

"देव त्यांचं भलं करो," डोळे पुसत तो म्हणाला. "इतकी वर्षं मी परीक्षकांत बसत होतो गं."