धा दुश्मन आन एक लाटणं

माझे मालक फौजेत सैपाकी व्हते. लढाईत सैपाकघरावरच तोफेचा गोळा पडला, त्यात गेले. मागं तीन लेकरं म्या एकटीनं वाढवले.

यंदा शाळेतल्या मॅडमनं लेकरायला शहिदाची आठवण कशी काढायची ते शिकवलं, आन मला बलावलं. फळ्यावर उलटी बंदूक काढलेली, तिच्यावर लोखंडी टोपी. एका पोरीनं मालकावर कविता म्हणली. त्यात त्यायनं धा दुश्मन मारले.

"बाय, त्यायनं कोंबडीबी मारली न्हाई," म्या म्हणलं. "कापायची आसली तर दुसऱ्याला बलवायचे."

लेकरं हसाया लागले.

मॅडम म्हणल्या, "आजी, कवितेत चालतं की."

"मला न्हाई चालत. भलत्याच माणसाची आठवण काढून म्या काय करू?"

पोरीनं धाबी दुश्मन खोडले आन मालकाच्या हातून पलटणीला पोळ्या वाढल्या. दुसरीनं फळ्यावरली बंदूक पुसून तिथं लाटणं काढलं.

"आजी, पोळ्या गोल व्हायच्या का त्यायच्या?" कवितावालीनं इचारलं.

"एकबी न्हाई."

तेबी लिहिलं तिनं. मंग दोन मिनिटं समदे गप उभे राहिले. हसू दाबून लेकरायचे गाल फुगले, पण ते माझ्या मालकापाईच फुगले व्हते.