तुराटी आणि टिंब

१८ फेब्रुवारी. सकाळपासून एकच काम घेऊन बसले होते: अकरा वर्षांचे विहिरीचे आकडे एका आलेखात बसवायचे. परवा ऑनलाइन कॉन्फरन्स होती. विषय, किनारी आणि बेटांवरच्या पाणलोटांचं व्यवस्थापन.

पाणलोट म्हणजे जिथं पडलेला पाऊस शेवटी एकाच नाल्याला येऊन मिळतो तेवढी जमीन. ते काम मी आर्णीच्या ऑफिसातून वीस वर्षं करते आहे. पण बेट? यवतमाळ जिल्ह्यात?

"सर, आपल्याकडे समुद्र कुठंय?" मी आमच्या प्रमुखांना, गावंडे सरांना विचारलं होतं.

"नाही म्हणूनच बोलावलं त्यांनी. थोडं पाणी पुरवून वापरणारे लोक पाहिजेत त्यांना. पंधरा मिनिटं बोला, अन् आलेख सरळ दाखवा."

आलेख सरळ येत नव्हता. अडचण तीच होती.

आर्णीच्या पुढे एक बंजारा तांडा आहे. तिथल्या सार्वजनिक विहिरीचं पाणी गोमलीबाई मोजतात. वय सत्तरीच्या पुढे. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी, पंप सुरू व्हायच्या आधी, दगड बांधलेला दोर विहिरीत सोडायचा. दोराला हाताहातावर गाठी. काठापासून पाण्यापर्यंत जितके हात, तितक्या रेघा वहीत. त्यांना लिहिता येत नाही. तारीख सून टाकते. त्या रेघा पाहून कोणाच्या हरभऱ्याला किती तास पाणी, ते तांडा ठरवतो.

वर्षातून चार वेळा मी जाऊन टेपने पडताळणी करते. गेल्या उन्हाळ्यापर्यंत आमचे आकडे जुळत होते. त्यानंतरचे तीन जुळत नव्हते. माझ्या टेपप्रमाणे पाणी गोमलीबाईंच्या रेघांपेक्षा सत्तर सेंटीमीटर खोल होतं.

मी सरांना फोन केला.

"म्हातारीचे डोळे गेले असतील मॅडम. गाठी दिसत नसतील. तिचे आकडे काढून टाका."

"अकरा वर्षांचे?"

"कधीपासून चुकून राह्यली ते आपल्याला काय माहीत? सगळेच काढा. पुढच्या महिन्यापासून दुसरं कोणी पाहा. सुनेलेच सांगा पाहिजे तर."

त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. शंका असलेला आकडा ठेवायचा नसतो. मी रकाना निवडला, डिलीटवर बोट ठेवलं आणि उचललं. तिन्ही वेळा फरक सारखाच होता. चुकणारा माणूस इतका नेमाने चुकत नाही. हे मला आधीच खटकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटीने तांड्यावर गेले. गोमलीबाई अंगणात तूर पाखडत होत्या.

"आव, बेस," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, "तोंड काहून असं करून आली? कोणी रागावलं काय?"

"गोमलीबाई, आज माझ्यासमोर एकदा मोजता का?"

"आज बाजार नाई."

"तरी."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मले पारखाले आली म्हण ना सरळ."

दोघी विहिरीवर गेलो. त्यांनी दोर सोडला, दगड पाण्याला लागल्याचा हाताला अंदाज आला तशी काठापाशी चिमूट धरली आणि दोर वर ओढला. मग विहिरीला टेकवलेली एक तुराटी उचलली. तुरीचं वाळकं खोड, दीड हात असेल. चिमटीपासून खाली ती तुराटी दोराला लावली, तेवढा दोर सोडून दिला आणि तिथून गाठी मोजायला लागल्या.

"हे काय? तेवढा दोर काहून सोडला?" मीही त्यांच्यासारखं बोलून गेले.

"भितीचा हाय थो."

"कोणत्या भिंतीचा?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पोरांना पाढे विचारताना पाहते.

"या भितीचा. गोऱ्हा पडला इहिरीत म्हणून तूच त वाढवली. फोटोबी काढले. मंग भित वर गेली म्हणून पाणी खाली गेलं काय? मी जुन्या दगडापासूनच मोजून राह्यली."

मी टेप काढून नवी भिंत मोजली. सत्तर सेंटीमीटर. गेल्या उन्हाळ्यात हे काम मीच मंजूर केलं होतं, पूर्ण झाल्याची सहीही माझी होती. आणि त्यानंतर तिन्ही वेळा मी टेप त्या नव्या काठावर टेकवला होता.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "तुमचे आकडे बरोबर आहेत."

"मले मालूम हाय."

"ऑफिसात तुमचे आकडे काढून टाकायचं चाललं होतं."

त्या दोर गुंडाळत होत्या. हात थांबले. "साऱ्या वह्या?"

"साऱ्या."

त्यांनी उरलेला दोर गुंडाळून गाठ मारली. मग म्हणाल्या, "मंग तुह्या सायबाले सांग, पह्यले तुराटी पाह्य म्हणा."

सरांना मी तिथूनच फोन करून भिंतीचं सांगितलं. सर म्हणाले, "तुम्ही म्हणता ते ठीक. पण कॉन्फरन्समध्ये कोणी विचारलं त काय सांगाल? काडीनं मोजते म्हणून?"

"मी नाही सांगणार. त्याच सांगतील."

वीस तारखेला दुपारी गोमलीबाईंना स्कूटीवर मागे बसवून ऑफिसात आणलं. आपण स्कूटीवर पहिल्यांदा बसत नाही, हे त्यांनी मला वाटेत दोनदा सांगितलं. कमरेला मारलेली मिठी मात्र आर्णी येईपर्यंत सैल झाली नाही.

माझ्या आधी लक्षद्वीपच्या एका बेटावरच्या रझिया म्हणून बाई बोलल्या. तिकडे विहिरी जेमतेम पुरुषभर खोल. पावसाचं गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगतं, पातळ थर असतो. उपसा जास्त झाला की खालचं खारं वर येतं आणि विहीर कामातून जाते.

"या बाईच्या मांगं काय दिसून राह्यलं?" गोमलीबाईंनी विचारलं.

"समुद्र."

"एवढं पाणी, अन् पेयाले नाई?"

"नाही."

"मंग तिलेबी दोर लागते," त्या म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.

माझी पंधरा मिनिटं आली. पहिलं मिनिट माझा माइक बंदच होता. मग सांगितलं की आमच्याकडे मुरमाचा पातळ थर, खाली काळा पाषाण. पाणी राहतं ते त्या मुरमात. ते संपलं की खाली खारंही नाही आणि गोडंही नाही. भिंतीची माझी चूकही सांगितली. सर ऐकत होते, त्यांचा चौकोन मला दिसत होता. शेवटी गोमलीबाईंच्या वहीच्या एका पानाचा फोटो दाखवला.

रझियाबाईंनी हिंदीत विचारलं, "या पानावर सगळीकडे रेघा आहेत. मध्ये एका जागी नुसतं टिंब आहे. ते काय?"

मला माहीत नव्हतं. फोटो मीच काढला होता, पण ते टिंब मी शाईचा डाग समजले होते. मी गोमलीबाईंकडे पाहिलं. त्या लॅपटॉपकडे झुकून थेट रझियाबाईंशी बोलल्या.

"त्या हप्त्यात मालक गेला माहा. इहिरीवर गेलती मी. दोरबी सोडला. पण गाठी मोजणं झालं नाई. डोळ्याले दिसेच ना. पाणी होतं एवढं मालूम होतं, म्हणून टिंब देल्लं. न मोजता रेघ कशी मारू, बाई?"

मी हिंदीत सांगितलं.

रझियाबाई म्हणाल्या, "आमच्याकडे माझी सासू रोज सकाळी विहिरीचं पाणी जिभेवर ठेवून बघते. ती हो म्हणाली की मगच पंप. मीटर आम्ही नंतर आणला. ताप आला की सांगते, आज माझ्या जिभेला विचारू नका."

हे मी गोमलीबाईंना सांगितलं.

"शहाणी हाय," त्या म्हणाल्या. "तिच्या सासूले म्हणा, पाणी जपून राह्यजो."

संध्याकाळी सरांचा फोन आला. "वह्या राहू द्या. माणूसही बदलू नका."

"अन् माझे तीन आकडे?"

"ते दुरुस्त करा. खाली सही करा."

आमच्या धंद्यात पहिला धडा हाच असतो: किती मोजलं याच्या आधी कुठून मोजलं ते लिहा. मी हा धडा शेकडो लोकांना शिकवला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल ऑइलपेंटचा डबा घेऊन तांड्यावर गेले. विहिरीच्या आतल्या बाजूला, जुन्या दगडाच्या उंचीवर जाड रेघ ओढली. गोमलीबाईंनी तुराटी लावून पाहिली आणि "जमली" म्हणाल्या. मग ऑफिसात येऊन माझे तीन आकडे सुधारले, खाली सह्या केल्या.

एक काम उरलं होतं. त्यांचा मालक गेला त्या आठवड्याच्या चौकटीत माझ्या कॉम्प्युटरवर आकडा होता. मागच्या आणि पुढच्या आठवड्याची सरासरी काढून तो मीच भरला होता, तसं करायची पद्धतच आहे. तो आकडा पुसला आणि तिथं एक टिंब दिलं.